दिसणारी शिट्टी

जयवंतीने गाता गाता डावा हात कानावर नेला, तेव्हा कृष्णकांतला वाटलं तिला सूर चाचपायचा असेल. मोठे गवई तसं करतात. तो मिक्सरमागे खुर्ची टाकून निवांत बसून राहिला. मग तबलेवाल्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी पदर कानावर दाबून धरला. कुणाचं तरी तान्हं मूल रडायला लागलं, ते मात्र त्याला नीट ऐकू आलं. तेव्हा कुठे तो दचकून उठला आणि हाताला लागली ती बटणं त्याने खाली ओढली. त्याबरोबर जयवंतीचा आवाजही खाली गेला. देवळाच्या मंडपात बसलेली दीडशे माणसं एकदम सैलावली.

म्हणजे स्पीकर शिट्टी मारत होता. बराच वेळ मारत असावा. कृष्णकांतला तिचा मागमूसही लागला नव्हता.

भजन संपल्यावर त्याने सगळा बोल वायरीला लावला. खाऱ्या हवेने वायरी आतून हिरव्या पडतात, या खेपेला सगळ्या बदलून टाकतो, असं तो दोनदोनदा सांगत राहिला. जयवंतीने माइक त्याच्या हातात दिला आणि होतं असं कधी कधी, म्हणाली. ती पंचवीस वर्षं त्याच्या माइकवर गात होती. तिने आणखी काही विचारलं नाही, याचं त्याला बरं वाटलं.

पालघरजवळच्या माहीम गावात साउंडवाला म्हणजे कृष्णकांत सावे, हे कधीचंच ठरून गेलेलं होतं. गावातल्या नाटक मंडळात तो पोरवयात पडदा ओढायला गेला आणि माइकपाशीच रमला. पुढे त्याचं नाव झालं ते कानामुळे. दुसरे लोक स्पीकर बोंबलायला लागला की सगळाच आवाज बारीक करून मोकळे होत. कृष्णकांत मंडपाच्या मागच्या टोकाला जाऊन उभा राही, डोळे मिटून ऐके, ‘अडीच हजाराला ओरडतोय’ अशी सुराची कंपनसंख्या सांगत पुढे येई आणि एकतीस दांड्यांच्या यंत्रातली नेमकी एक दांडी केसभर खाली करी. बस्स, तेवढ्याने काम होई. वैद्याने नाडी बघावी तसं लोक त्याच्याकडे बघत. केळव्यापासून डहाणूपर्यंतची भजनी मंडळं आधी त्याची तारीख विचारत आणि मग आपला कार्यक्रम ठरवत.

पण साउंडवर घर चालत नव्हतं. घर चालत होतं ते तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कापड कारखान्यावर. तिथे मागशेडमध्ये दोनशे माग एकाच वेळी धडधडत. शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागे. नवे कामगार पहिले आठ दिवस कानात कापूस घालत, मग त्यांनाही सवय होई. वर्षातून एकदा डॉक्टरांची गाडी येई. डॉक्टर कागदावरून मान वर न करता विचारत, ऐकू येतं ना? कृष्णकांत म्हणे, येतं. शिक्का पडे, पुढचा माणूस सरके. ज्याच्या कानाचं चार तालुक्यांत नाव होतं, त्याने ऐकू येत नाही असं कसं म्हणायचं? आणि तेव्हा येतही होतं. ज्या कानांवर त्याने मान मिळवला तेच कान तो रोज आठ तास, तेवीस वर्षं, त्या शेडमध्ये घालत होता, हे त्याच्या कधी मनातही आलं नाही.

कारखान्याने विणकाम बंद केलं आणि एकोणपन्नासाव्या वर्षी कृष्णकांत घरी आला. त्याला वाईट वाटलं नाही. आता पूर्ण वेळ साउंड, असं तो म्हणाला.

पहिल्यांदा गेले ते रातकिडे. श्रावणातल्या एका संध्याकाळी ओटीवर बसून तो बायकोला म्हणाला की यंदा वाडीत किडे नाहीत, फवारण्या फार झाल्यात. जागृती तांदूळ निवडत होती. वाडीतून तर किड्यांचा नुसता गजर चालला होता. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग मोबाइलची घंटी गेली. मग माणसांच्या बोलण्यातली अक्षरं गळायला लागली; साखर आणि भाकर, सात आणि हात एकच वाटायला लागलं. शेवटी जागृतीने हट्टाने त्याला पालघरला कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी त्याला काचेच्या खोलीत बसवून हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. आपण बरंच दाबलं असं त्याला वाटलं होतं. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी कागद दाखवला. डावीकडून सरळ चालत आलेली रेघ मध्याच्या पुढे एकदम कोसळली होती. खालचे सूर ठीक आहेत, ते म्हणाले, वरचे गेले ते परत येणार नाहीत. मशीन लावा.

“लावा की मशीन,” परत येताना रिक्षात जागृती म्हणाली. “लोकं चष्मा नाय लावत?”

“चष्मेवाला डायवर चालतो,” कृष्णकांत म्हणाला. “कानात मशीन घातलेल्या साउंडवाल्याला कोण बोलवील?”

तो कागद त्याने घडी घालून विम्याच्या पाकिटात ठेवला आणि पुन्हा त्याबद्दल बोलू दिलं नाही.

त्याच हिवाळ्यात पालघरला एका लग्नाच्या स्वागत समारंभात त्याला ती पेटी दिसली. मुंबईहून ऑर्केस्ट्रा आला होता आणि कृष्णकांतकडे फक्त स्पीकर लावायचं काम होतं. मुंबईच्या साउंडवाल्यापुढे टेबल नव्हतं, बटणांचा फळा नव्हता, स्टेजपासून ओढत आणलेली मनगटाएवढी केबलही नव्हती. स्टेजच्या कडेला चाकांचा एक लोखंडी रॅक होता आणि त्यात स्क्रूने आवळलेली काळी पेटी. उंची म्हणाल तर एकावर एक ठेवलेल्या चार वह्यांएवढी. सगळे माइक तिच्यात खोचलेले. तो माणूस हातात टॅबलेट घेऊन पाहुण्यांमधून फिरत होता. आइस्क्रीमच्या टेबलाशी उभा राहून तो ढोलकी वर करत होता आणि खुर्च्यांच्या मागे जाऊन गायिकेचा आवाज गोड करत होता.

कृष्णकांत त्याच्या खांद्यावरून बघत राहिला. पडद्यावर आवाजाच्या बारीक उभ्या काड्या नाचत होत्या, बंदरात भरतीच्या पाण्यावर डोलकाठ्या हलाव्यात तशा. एकाएकी उजवीकडची एक काडी सरळ वर गेली आणि तिथेच ताठ उभी राहिली. त्या माणसाने तिच्यावर बोट ठेवून तिला खाली दाबलं.

काय झालं, असं कृष्णकांतने हिंदीत विचारलं.

“सीटी थी ना, सर. सुनी नहीं?”

“सुनी, सुनी,” कृष्णकांत म्हणाला.

ऐकली नव्हती. पण त्याने ती पाहिली होती.

त्या दिवसापासून त्याला ती पेटी हवी झाली. लोकांना तो सांगे की कंबर गेली, जुना मिक्सर उचलायला दोन माणसं लागतात. ही पेटी एका हाताने उचलता येते. शंभर फूट केबल टाकायला नको, माणसं अडखळून पडायला नकोत. हे सगळं खरंच होतं. खरं कारण मात्र त्याने जागृतीलासुद्धा सांगितलं नाही. कंपनीचं माहितीपत्रक त्याला तोंडपाठ झालं. वसईहून त्याने एक जुना रॅक आणला, खाली आपला ॲम्प्लिफायर बसवला आणि वरचे तीन खण मोकळे ठेवले. जागृतीने त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले की तो ते उचलून पलंगावर नेऊन ठेवी. पेटी विकत घेणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. कामंही कमी होत चालली होती. डीजेचं खूळ आलंय, भजन कुणाला हवंय, असं तो म्हणे.

आणि मग बोईसरहून भगवंतराव मोहिते त्याच्या दारात आले. भगवंतराव मूळचे साताऱ्याकडचे. पस्तीस वर्षांपूर्वी अणुवीज केंद्रात नोकरीला आले आणि इकडेच राहिले. घाटावरून आलेल्या लोकांचं जे मंडळ बोईसरला होतं त्याचे ते अध्यक्ष होते, आणि मंडळाने आता स्वतःचं सभागृह बांधलं होतं. वीस वर्षांपूर्वी एका नाट्यस्पर्धेत त्यांनी कृष्णकांतचं काम ऐकलं होतं, ते त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

“तुमचं कान म्हंजे सोनं हाय, सावे,” ओटीवर चहा घेताना ते म्हणाले. “काय काय आणायचं ते तुमीच लिवून द्या. आनि वाजवायचं बी तुमीच. दुसरा मानूस नको आपल्याला.”

जागृती दाराशी उभी होती. सोनं हा शब्द तिने ऐकला आणि ती आत गेली.

कृष्णकांतने दोन दिवस बसून यादी केली. सोळा माइकची डिजिटल पेटी, रॅक, टॅबलेट, आणि चौथ्या ओळीत वायफायचा वेगळा राउटर. त्याखाली रेघ मारली. मंडळाच्या बैठकीत त्याने उभं राहून समजावलं की पेटीत स्वतःचं वायफाय असतं, पण ते दुबळं असतं. सभागृहात सहाशे मोबाइल आले की ते गुदमरतं आणि टॅबलेटचा पेटीशी संबंध तुटतो. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सामान आलं तेव्हा खोके त्याने स्वतः फोडले. पेटी काढून मांडीवर घेतली, तशीच थोडा वेळ धरून बसला. सोळा भोकं, चार दिवे, फिरवायला म्हणावं असं एकही बटण नाही. राउटर मात्र कुठल्याच खोक्यात नव्हता. त्याने भगवंतरावांना फोन केला. दुकानदार म्हणाला पेटीतच वायफाय असतं, मग दोनदा कशाला, असं त्यांचं उत्तर आलं. कृष्णकांतने वाद घातला नाही. घरचा राउटर काढून त्याने पिशवीत घातला.

पुढचे तीन दिवस तो सकाळी बसने बोईसरला जाई आणि संध्याकाळी परते. रिकाम्या सभागृहात तो आणि पहारेकरी रामकिसन, एवढे दोघेच. रामकिसन साठीचा, गोरखपूरकडचा, आधी कुठल्या तरी औषधांच्या कारखान्यात गेटवर होता. कृष्णकांतने त्याला खुर्चीवर बसवलं आणि शिट्टी ऐकू आली की हात वर करायला सांगितलं. मग तो मुद्दाम माइक स्पीकरसमोर धरायचा आणि पडद्याकडे बघत राहायचा. काडी वर जायची आणि लगोलग रामकिसनचा हात वर जायचा. दहा वेळा केलं, दहाही वेळा जुळलं. अकराव्या वेळी काडी नुसती थरथरली, तेवढ्यात कृष्णकांतने तिला दाबलं. रामकिसनचा हात मांडीवरच राहिला.

“आई नहीं?” कृष्णकांतने विचारलं.

“नहीं आई, साहब,” रामकिसन म्हणाला. मग टॅबलेटकडे बोट दाखवून, “आपको सुनाई नहीं देती ना?”

कृष्णकांतने टॅबलेट खाली ठेवला.  रामकिसनने आपल्या डब्यातली अर्धी पोळी आणि लोणचं त्याच्यापुढे केलं, आणि दोघे स्टेजच्या पायरीवर बसून जेवले. डोळा कानाच्याही आधी पोचला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कृष्णकांतला कार्यक्रमाची भीती वाटत नव्हती. त्या संध्याकाळी घरी येऊन त्याने जागृतीला बाहेर जेवायला नेलं, आणि तिने कारण विचारलं तर उगीच हसला.

उद्घाटन रविवारी सकाळी अकराला होतं. ईशस्तवनासाठी त्याने मुद्दाम जयवंतीचं नाव सुचवलं होतं. देवळातली ती संध्याकाळ त्याला तिच्यादेखत पुसून टाकायची होती. लाइटचं काम मनोरच्या शैलेशकडे होतं. पस्तिशीचा, डीजेवाला, बोलायला मोकळा. तो कृष्णकांतला काका म्हणे. कृष्णकांतने आपला राउटर स्टेजमागच्या एका सॉकेटला लावला, पेटीला वायरने जोडला आणि वर कागद चिकटवला, ‘काढू नये’. मग टॅबलेट घेऊन सभागृहाच्या मागच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला. नवा सदरा होता अंगात. खुर्च्या भरल्या. लोक वळून वळून त्याच्याकडे बघत होते: हा माणूस हातात पाटी घेऊन मागे काय करतोय म्हणून.

जयवंतीने सुरुवात केली. काड्या नाचायला लागल्या. त्याने तिचा आवाज थोडा खुलवला, हार्मोनियम मागे ढकलली. सगळं जागच्या जागी बसलं होतं. दुसऱ्या कडव्याला पाहुणे समईकडे निघाले. त्यांना वाट द्यायला जयवंती दोन पावलं पुढे आली, स्पीकरच्या अगदी तोंडाशी. कृष्णकांतला ते दिसलं. त्याने लगेच पडद्याकडे पाहिलं. काड्या शांत होत्या, उजवीकडची एकही वर गेलेली नव्हती. तो बघत राहिला. पडद्यावर कुठेच काही नव्हतं.

मग जयवंती गायची थांबली. तिने माइक तोंडापासून लांब धरला. रांगेमागून रांग वळून त्याच्याकडे बघायला लागली. पुढे बसलेली शाळेची मुलं वाकडी तोंडं करत होती. कृष्णकांतने पुन्हा पडदा पाहिला. काही नव्हतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याला हाताने खूण केली, तर त्याने टॅबलेट त्यांच्याकडे वळवून दाखवला, सगळं ठीक आहे अशा अर्थाने. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की जयवंती गप्प आहे, तरीही काड्या जिथल्या तिथे उभ्या आहेत. एकही हलत नाही. त्याच्या हातात अर्ध्या मिनिटापूर्वीचं चित्र होतं.

तो धावला. सभागृह लांब होतं आणि मधल्या वाटेत जादा खुर्च्या टाकल्या होत्या. तो निम्म्यावर पोचेपर्यंत शैलेशने स्टेजवर उडी मारून जयवंतीच्या माइकची वायर पेटीतून उपटली होती. लोकांनी कानांवरचे हात काढले. भगवंतराव दुसऱ्या माइकपाशी गेले, त्यावर टकटक केली आणि म्हणाले, “सावे, आता तरी ऐकाय येतंय का?”

सभागृह हसलं. त्यांनी ते वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. पाहुण्यांसमोर वेळ मारून न्यायची म्हणून म्हटलं होतं. पण हसू लवकर थांबलं नाही. खुर्च्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या कृष्णकांतला ते शेवटपर्यंत स्वच्छ ऐकू आलं.

स्टेजमागे राउटरची वायर खाली लोंबत होती. त्या सॉकेटमध्ये प्रमुख पाहुण्यांच्या नावाच्या झगमगत्या पाटीचा प्लग होता. ‘काढू नये’चा कागद भिंतीशी पडला होता. कुणी काढला ते कळलं नाही. सजावटवाले चार होते आणि चौघांनीही दुसऱ्याकडे बोट केलं. शैलेशने राउटर पुन्हा जोडला, टॅबलेट सुरू केला आणि तो कृष्णकांतच्या हातात द्यायला लागला. भगवंतरावांनी लांबूनच त्याला खुणावलं की तूच कर. राहिलेला सगळा कार्यक्रम शैलेशने केला. तो बरा झाला.

दुपारी माणसं पांगल्यावर कृष्णकांतने भगवंतरावांना गाठून सॉकेट दाखवलं, कागद दाखवला, यादीतली चौथी ओळ दाखवली. भगवंतरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“प्लग काडला ह्यो गाढवपना झाला, मान्य,” ते म्हणाले. “राउटर मी आनला न्हाय, त्ये बी मान्य. पन सावे, शिट्टी आर्धा मिनिट वाजत व्हती. बारकी पोरं सुदीक वरडत व्हती. त्याला पडदा कशाला लागतुय? तुमी तर कानाचा मानूस.”

 कृष्णकांतने राउटर पिशवीत घातला. गेटवर रामकिसन उभा होता. त्याने सलाम केला, रोजच्यासारखाच.

तिसऱ्या दिवशी जयवंती घरी आली. जागृतीने तिला पाणी दिलं. तिने अर्धा पेला संपवला आणि सरळच सांगितलं की भगवंतरावांनी फोन करून तिला विचारलं होतं, आणि तिने खरं ते सांगून टाकलं होतं.

“काय खरं?” कृष्णकांतने विचारलं.

“तुमाला ऐकू येत नाय ते.”

“तुला कोनी सांगितलं?”

“सांगायला कशाला पायजे, कृष्णाभाऊ?” तिच्या आवाजात राग नव्हता. “दोन वर्सं झाली. सगल्यांना ठाऊक हाय. तबलेवाला माज्या समोरचा स्पीकर गुपचूप फिरवून ठेवतो. मी माइक लांब धरून गाते, घसा फाटेपर्यंत. केलव्याच्या मंडलानं बोलवनं बंद केलं, ते काय डीजेपायी? आमी सांभालून घेत होतो. पन किती दिवस घेनार?”

कृष्णकांतने जागृतीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. म्हणजे तिलाही हे ठाऊक होतं. तो जे दोन वर्षं जिवापाड लपवत होता ते सगळा गाव त्याच्यापासूनच लपवत होता. देवळात वायरींना दोष दिला तेव्हा माना डोलावणारे, वा कृष्णकांत, आज साउंड झकास, असं म्हणणारे, आवर्जून हात हातात घेणारे, असे एकेक चेहरे त्याच्या डोळ्यांपुढून गेले. त्या प्रत्येक वेळी तो खूश होऊन घरी आला होता.

“मला सांगायचं होतंस,” तो म्हणाला.

“तुमी ऐकलं असतं?” जयवंती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिने पेला खाली ठेवला. थोड्या वेळाने ती उठली. जाताना दारात थांबून ती काही तरी म्हणाली. ते त्याला कळलं नाही, आणि पुन्हा सांग असंही तो म्हणाला नाही.

सभागृह शैलेशकडे गेलं. महिनाभराने त्याचा फोन आला. पेटीला कृष्णकांतने पासवर्ड घातला होता आणि नव्या टॅबलेटवर ती त्याशिवाय उघडत नव्हती. शैलेशचा स्वर ओशाळलेला होता. काका, तुमचंच सगळं सेटिंग ठेवलंय, काही बदललेलं नाही, असं त्याने आधी सांगितलं. कृष्णकांतने फुलाचं नाव सांगितलं, शेवंती. शैलेशने ते परत म्हणून विचारलं, सेवंती की शेवंती? कृष्णकांतला दोन्ही एकच ऐकू आली. तो म्हणाला, बरोबर. पेटी उघडली नाही. शैलेशने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा म्हटलं, बरोबर. चौथ्या खेपेला जागृतीने त्याच्या हातून फोन घेतला आणि इंग्रजी अक्षरं एकेक करून सांगितली. झालं, उघडली, असं शैलेश म्हणाल्याचं तिने त्याला सांगितलं. तुमच्या तब्येतीची चौकशी करत होता, असंही सांगितलं.

त्यानंतर कृष्णकांतकडे एका माइकची कामं राहिली. शाळेचं झेंडावंदन, ग्रामसभा, कुणाचा सत्कार. एक माइक, एक स्पीकर. त्यात चुकायला फारसं काही नसतं. जागृती दर वेळी मशीनचं काढायची. आता कुणापासून लपवायचं राहिलं नव्हतं, तरी तो बघू म्हणायचा. दिवाळीच्या सुमारास त्याच्या डोक्यात एक बारीक आवाज सुरू झाला होता. तो दिवसभर असायचा, गप्प जागी बसलं की वाढायचा. डॉक्टर म्हणाले की ऐकू येणं गेलं की कधी कधी कान आपणच वाजायला लागतो, त्याला औषध नाही, सवय करून घ्या.

माघात शाळेचे जुने मुख्याध्यापक वारले. त्यांची शोकसभा शाळेच्या पटांगणात दुपारी चार वाजता होती. कृष्णकांतने माइक उभा केला, स्पीकर सुरूच्या झाडाखाली ठेवला आणि ॲम्प्लिफायरशी खुर्ची टाकली. चार जण बोलले. सरांनी कुणाला कसं फी भरून शिकवलं, कुणाच्या लग्नात कसं पुढे होऊन काम केलं. मग सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी सगळ्यांना दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं.

तीनशे माणसं उठली. खुर्च्यांचा आवाज थांबला. पटांगण निमूट झालं आणि त्याच क्षणी कृष्णकांतला शिट्टी ऐकू आली. बारीक, सरळ, न हलणारी. सहा हजाराच्या जरा वर, त्याने सवयीने अंदाज बांधला. त्याचा हात आपोआप बटणाकडे गेला.

मग त्याने वर पाहिलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. सरांची मुलगी समोरच उभी होती. तिचा चेहरा शांत होता. तिच्या कडेवरचं मूल खांद्यावर मान टाकून गाढ झोपलं होतं. कुणाचीही भुवई हललेली नव्हती. तो एकामागून एक चेहरे बघत गेला, अगदी मागच्या रांगेपर्यंत.

त्याने बटणावरचा हात काढून घेतला, इतरांसारखी मान खाली घातली आणि दोन मिनिटं संपायची वाट बघत उभा राहिला.